नादाच्या गाळणीचें दुसरें काम

गेल्या मार्गशीर्षांत धाकट्या डहाणूस एका स्नेह्यांकडे आमचा मुक्काम होता. त्यांच्या वडिलांचें वर्षश्राद्ध जवळ आलें होतें. वडिलांनीं गाइलेल्या एका भजनाची जुनी कॅसेट घरांत होती. तिला तंबोऱ्यासारखे दोन सूर जोडून त्या दिवशीं ती ऐकवावी, असा नातवाचा मानस. त्याच्यापाशीं सुट्या भागांचा सिंथेसायझर होता. हें यंत्र आपल्या देशास नवें नव्हे. रॉबर्ट मूग यांच्या रचनेचें असेंच यंत्र डेव्हिड ट्यूडर यांनीं १९६९ सालीं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत उभें केलें होतें.

अडचण एवढीच कीं, तीन नाद एकत्र करणारा मिक्सर त्याच्याजवळ नव्हता, व नवा घ्यावयाचा तर खर्च! मुलानें तिन्ही तारा फिल्टरच्या तीन आगममार्गांत खोंचल्या. फिल्टर म्हणजे नादाची गाळणी: ठराविक मर्यादेखालचे सूर सोडावयाचे, वरचे अडवावयाचे. परंतु गाळण्यापूर्वीं तिला आलेले सर्व प्रवाह वेगवेगळ्या रोधांतून एका बिंदूशीं आणावेच लागतात, आणि तेथें त्यांची बेरीज होते. मिक्सर तरी दुसरें काय करतो? १९७१ च्या सुमारास निघालेल्या आर्प २६०० यंत्राच्या फिल्टरला तर अशा पांच वाटा, प्रत्येकीस कमीजास्त करण्याची स्वतंत्र पट्टी!

ज्या फिल्टरला एकच वाट असते तेथें मात्र तारा नुसत्या पिळून जोडूं नयेत. एक भाग दुसऱ्यास दाबतो. प्रत्येकीस आपला रोध हवा.

पहिल्या खेपेस मर्यादा मध्यावर राहिली होती. आजी म्हणाल्या, “हा ह्यांचा आवाज नव्हे रे. तोंडावर पंचा धरून कोणी म्हणतंय.” मुलगा हिरमुसला. आजींचें खरें होतें. स, श, च यांची धार वरच्या कंपनांत असते, तीच गाळली गेली होती. मग त्यानें मर्यादा अगदीं वर नेली, अनुनादाची खुंटी शून्यावर आणली, आणि दोन्ही सूर निम्म्याहून खालीं उतरविले. तिघे मिळून फार जोरानें आले तर आवाज फाटतो. केवळ सुरांनाच मऊ करावें व गळा तसाच ठेवावा, हें मात्र या युक्तीनें साधत नाहीं. गाळणी सर्वांस एकच.

पुन्हा कॅसेट लागली. दुसऱ्या कडव्याआधीं आजोबा किंचित् खांकरले. आजींनीं मान वर केली. “हेच ते,” त्या म्हणाल्या, “पुन्हा लाव.”