‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे नेमके काय?

शेजारच्या घरातून निरोप येतो, ‘काकांच्या अंगावरून वारं गेलं.’ आपण धावत जातो. काका खाटेवर पडलेले असतात. तोंड एका बाजूला ओढले गेलेले, उजवा हात लुळा, बोलणे बोबडे. कुणी कोमट तेलाने हात चोळत असते, कुणी चमच्याने पाणी पाजत असते. एखादी वडीलधारी व्यक्ती सांगते, ‘थोडा वेळ पडू द्या, उतरेल वारं. सकाळी डॉक्टरांना दाखवू.’ सकाळपर्यंत थांबण्याचा हा सल्ला अनेकांना कायमचे अंथरुणाला खिळवून ठेवतो.

बिघाड हातात नाही, मेंदूत

पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा ही सगळी एकाच आजाराची नावे. डॉक्टर मंडळी त्याला ‘स्ट्रोक’ म्हणतात. या आजाराचा वाऱ्याशी किंवा बाहेरच्या बाधेशी काहीही संबंध नाही. हात-पाय लुळे पडतात म्हणून आपण हातापायांना चोळत बसतो. वास्तविक हात, पाय आणि जीभ शाबूत असतात. त्यांना हुकूम देणारा मेंदूचा भाग बंद पडलेला असतो. मेन लाइन तुटली असताना घरातला दिवा बदलून काय उपयोग? मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी बाजू.

मेंदूला रक्त क्षणभरही थांबून चालत नाही. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढचा भाग उपाशी पडतो. हा झाला पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात वाढलेल्या रक्तदाबामुळे वाहिनी फुटते आणि मेंदूत रक्त साचते. बाहेरून दोन्ही रुग्ण अगदी सारखे दिसतात. उपचार मात्र एकमेकांच्या विरुद्ध! गुठळी असेल तर रक्त पातळ करायचे आणि रक्तस्राव असेल तर तेच औषध जीवघेणे ठरू शकते. हा फरक डोक्याचा सीटी स्कॅन काढल्यावरच कळतो. नाडी पाहून किंवा अनुभवाने कोणीही तो खात्रीने सांगू शकत नाही.

सांताक्रूझ परिसरात काय आढळले?

हा आजार आपल्यापासून दूर आहे असे कुणी समजू नये. मुंबई महापालिकेच्या ‘एच’ वॉर्डात वांद्रे, खार आणि सांताक्रूझ हे भाग येतात. या वॉर्डातील सुमारे १ लाख ५७ हजार लोकवस्तीत जानेवारी २००५ ते डिसेंबर २००६ अशी दोन वर्षे डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांची नोंद ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच झटका आलेले ४५६ रुग्ण आढळले: २३८ पुरुष आणि २१८ स्त्रिया. म्हणजे दर लाख वस्तीत वर्षाला १४५. हेच प्रमाण धरले तर लाखभर वस्तीच्या एखाद्या तालुक्याच्या गावी दर अडीच दिवसांनी कुणाला तरी पक्षाघात होतो असा हिशेब निघतो.

शंभरातील सुमारे ८० जणांना गुठळीमुळे झटका आला होता, सुमारे १८ जणांना रक्तस्रावामुळे. २८ दिवसांच्या आत दर दहांपैकी तिघे दगावले. जे वाचले त्यांतही शंभरापैकी ३८ जणांना मध्यम ते गंभीर स्वरूपाचे अपंगत्व राहिले. पुरुषांचे सरासरी वय होते ६३. म्हणजे नुकतेच निवृत्त झालेले, नातवंडांत रमू पाहणारे हे लोक. ही स्थिती मोठमोठ्या रुग्णालयांच्या शेजारी राहणाऱ्या वस्तीची! ज्याला रुग्णालयासाठी पन्नास किलोमीटर जावे लागते, त्याने तर अधिकच सावध राहायला हवे.

कसे ओळखावे?

चार गोष्टी घरातील शाळकरी मुलालाही शिकवून ठेवा.

१) चेहरा : रुग्णाला हसायला सांगा. तोंड एका बाजूला वाकडे होते का?
२) हात : दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा. एक हात आपोआप खाली येतो का?
३) बोलणे : एक साधे वाक्य म्हणायला सांगा. जीभ अडखळते का? भलतेच शब्द येतात का? आपले बोलणे त्यांना कळत नाही का?
४) वेळ : वरीलपैकी एक जरी लक्षण असेल तरी घड्याळ पाहा आणि निघा.

अचानक एका डोळ्याला दिसेनासे होणे, तोल जाणे, एकच वस्तू दोन दिसणे किंवा कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी हीदेखील लक्षणे असू शकतात. ‘अचानक’ हा शब्द महत्त्वाचा. पक्षाघात बहुधा दुखत नाही, म्हणूनच लोक थांबतात. छातीत कळ आली की माणूस ओरडतो. हात लुळा पडला तर ‘अवघडला असेल’ म्हणून झोपून जातो.

साडेचार तासांचा हिशेब

उपचार न मिळाल्यास दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात असा एक अंदाज आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. जितके लवकर दिले तितका गुण अधिक. मोठी वाहिनी तुंबली असेल तर काही केंद्रांत मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी बाहेर काढतात. ही सोय सहा तासांपर्यंत, तर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत उपयोगी पडते.

साडेचार तास ऐकायला पुष्कळ वाटतात. पण त्यातच प्रवास, तपासणी, रक्ताच्या चाचण्या आणि सीटी स्कॅन बसवायचे असते. मुंबईत अरुंद गल्ली आणि वाहतुकीत वेळ जातो, गावाकडे अंतरात जातो. म्हणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ती यायला फार वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. चोवीस तास सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन देण्याची सोय आपल्या भागात कुठे आहे, याची चौकशी आजच, घरात सगळे ठणठणीत असताना करून ठेवा. तो फोन नंबर भिंतीवर लिहा.

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, ‘शेवटचे धडधाकट कधी पाहिले होते?’ रुग्ण झोपेतून तसाच उठला असेल तर घड्याळ रात्री झोपल्यापासून मोजतात. ही वेळ आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगा.

हे मात्र करू नका

• पाणी, चहा, औषध, काहीही तोंडातून देऊ नका. गिळण्याची ताकद गेलेली असते. घास फुफ्फुसात जातो. रुग्णाला कुशीवर झोपवा.
• घरातील अ‍ॅस्पिरिनची गोळी देऊ नका.
• रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. रक्तदाब एकदम उतरला तर मेंदूचा उरलासुरला पुरवठाही तुटतो.
• मालीश, कबुतराचे रक्त, गंडेदोरे यांत वेळ दवडू नका.

कधी कधी लक्षणे दहा-पंधरा मिनिटांत आपोआप जातात आणि घरचे म्हणतात, ‘देवाची कृपा!’ कृपा खरीच, पण ती पूर्वसूचना असते. अशा रुग्णाला पुढच्या दोन-चार दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका सर्वाधिक असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

झटका टाळता येतो

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, खुपत नाही. ‘बरे वाटते’ म्हणून गोळी बंद करणारे रुग्ण डॉक्टरांना रोज भेटतात. बरे वाटते ते गोळीमुळेच! तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्या. मधुमेह आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवा. विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री सोडा, दारूही. मीठ दिवसाला एका चहाच्या चमच्याहून कमी, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी यांतले मीठही धरायचे. रोज अर्धा तास झपझप चाला. नाडी अनियमित लागत असेल किंवा हृदयाच्या झडपेचा आजार असेल तर हृदयात गुठळी बनून ती मेंदूत जाऊ शकते. अशांनी तपासणी टाळू नये. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची चाल अजून काही घरांत आहे, तीही सोडा. तिला तीव्र डोकेदुखी किंवा झटके आले तर तो मेंदूतील शिरेत झालेल्या गुठळीचा प्रकार असू शकतो.

झटका येऊन गेलेल्यांनीही निराश होऊ नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायामोपचार लवकर सुरू करावा. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, नंतरही ती हळूहळू होत राहते. अंथरुणावर असलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदला, म्हणजे पाठीला जखमा होणार नाहीत. बोलता येत नसले तरी बहुतेकदा त्यांना समजत असते. त्यांच्यासमोर ‘आता काही खरे नाही’ असे बोलू नका.

वाचकहो, एवढे एकच लक्षात ठेवा. तोंड वाकडे, हात लुळा, जीभ बोबडी, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. घड्याळ पाहा आणि रुग्णाला घेऊन निघा.