धावपट्टीवरील गणित

बेंगळुरूच्या उत्तरेस असलेले देवनहळ्ळी हे टिपू सुलतानाचे जन्मगाव. या गावाजवळ २४ मे २००८ रोजी बेंगळुरूचा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. तेथील धावपट्टीच्या पश्चिम टोकाला ०९ आणि पूर्व टोकाला २७ असे भले मोठे आकडे रंगवलेले आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या समांतर पट्टीवरही हेच आकडे आहेत. फक्त डावी-उजवी ओळखण्यासाठी सोबत एक अक्षर असते. पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित घरी शिकणाऱ्यास संच, अंतराल आणि सदिश ही प्रकरणे वेगवेगळी वाटतात. या आकड्यांत ती एकत्र भेटतात.

होकायंत्राच्या उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे कोन मोजल्यास पूर्व ९०° वर आणि पश्चिम २७०° वर येते. विमान ज्या दिशेने धावते, तिच्या कोनाला दहाने भागून जवळचा पूर्णांक घेतात. तोच पट्टीचा क्रमांक होय. म्हणजे ०९ हा क्रमांक [८५, ९५) या अंतरालातील सर्व दिशांचा आहे. चौकोनी कंसामुळे ८५ अंतरालात येतो, गोल कंसामुळे ९५ वगळला जातो. (८५ घ्यावा की सोडावा, हा संकेताचा प्रश्न आहे, येथे आपण तो घेतला आहे.)

वाऱ्याच्या वेगास परिमाण आणि दिशा दोन्ही असतात, म्हणून तो सदिश आहे. समजा, २४०° कडून २० नॉट वेगाने वारा येत आहे आणि विमान २७ क्रमांकाच्या पट्टीवरून पश्चिमेकडे धावणार आहे. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. दोन दिशांमधील कोन ३०° आहे. समोरून येणारा घटक २० × कोसाइन ३०°, म्हणजे सुमारे १७.३ नॉट. आडवा घटक २० × साइन ३०°, म्हणजे १० नॉट. समोरचा वारा उड्डाणास साहाय्य करतो. आडवा वारा विमानास बाजूला रेटतो.

आता एखाद्या लहान विमानास १५ नॉटपर्यंतच आडवा वारा चालतो असे मानू. २० × साइन थ ≤ १५, म्हणून थ जास्तीत जास्त ४८.६°. वारा [२२१.४, ३१८.६] या अंतरालातून आल्यास पट्टी २७ चालेल, [४१.४, १३८.६] मधून आल्यास ०९. या दोन संचांचा छेद रिक्त आहे. त्यांचा संयोग म्हणजे उड्डाणास योग्य दिशांचा संच. ठीक उत्तरेचा वारा त्यात नाही. बेंगळुरूत पावसाळ्यात प्रामुख्याने पश्चिमेचा आणि हिवाळ्यात पूर्वेचा वारा असतो. पट्टी पूर्व-पश्चिम का, हे यावरून उमगेल.

हेच गणित संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये करून पाहा. तेथे ३० ची साइन घेऊन २० ने गुणल्यास उत्तर १० येत नाही, उणे १९.८ येते! संगणक चूक झाल्याचे सांगतही नाही, कारण त्याने ३० हे अंश न मानता रेडियन मानले. कोनास आधी पायने गुणून १८० ने भागा, म्हणजे १० मिळेल. कागदावरचा हिशोब हाताशी नसता, तर हे उणे १९.८ सहज खरे वाटले असते.

वारा ३० नॉट झाल्यास वरील दोन अंतराले किती आकसतील, ते प्रथम कागदावर काढा आणि नंतर संगणकावर पडताळा.