कडुनिंबाला पाडवा कसा सापडतो?

या रे चिनू, तूही ये गं. मल्लेश्वरमच्या बाजारात आंब्याच्या पानांशेजारी कडुनिंबाच्या डहाळ्यांचे ढीग पाहिलेत ना? बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके लागलेले? शेजारच्या अज्जी त्याच फुलांत गूळ घालून बेवु-बेल्ला करतील, आणि आपली आजी ओवा, हिंग, चिंच, गूळ घालून चटणी वाटेल. त्यांची उगादी, आपला पाडवा. दिवस एकच, चैत्र शुद्ध प्रतिपदा.

आता गंमत ऐका. कडुनिंब फुलतो उन्हाच्या हिशेबाने, पाडवा येतो चंद्राच्या हिशेबाने, आणि या दोघांचं गणित मुळीच जुळत नाही! अमावास्या ते अमावास्या साडेएकोणतीस दिवस. असे बारा महिने म्हणजे 354. पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी मात्र 365 दिवसांची. वर्षाला 11 दिवस कमी पडतात. हिजरी पंचांगात ही तूट भरत नाहीत, म्हणून रमजान साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. आपणही भरली नसती, तर पंधरा-सोळा वर्षांत पाडवा बेंगळुरूच्या ऑक्टोबरातल्या पावसात येऊन पडला असता. मग फुलं कुठून आणायची?

म्हणून अधिक महिना. 2023 साली पाडवा 22 मार्चला होता, मग अधिक श्रावण आला आणि 2024 चा पाडवा थेट 9 एप्रिलला गेला.

पण अधिक महिना कुठे घालायचा, हे कोणाच्या मर्जीवर नाही हं. ज्या चांद्रमासात सूर्य नव्या राशीत जातच नाही, तो अधिक. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या जवळ असते तेव्हा वेगाने पळते, जुलैत लांब असते तेव्हा रेंगाळते. म्हणून सूर्य मिथुन राशीत एकतीस दिवसांहून जास्त मुक्काम करतो, धनु राशीत जेमतेम साडेएकोणतीस. अधिक ज्येष्ठ, अधिक श्रावण तुम्ही ऐकता. अधिक पौष ऐकलाय कधी?

काठमांडूच्या खोऱ्यातले नेवार लोकही चंद्रावरच वर्ष मोजतात, पण त्यांचं नवं वर्ष आपल्या दिवाळीच्या पाडव्याला. नेपाळ संवत म्हणतात त्याला, इ.स. 879 पासूनचा. त्या दिवशी घरातली माणसं ओळीने जमिनीवर बसतात, प्रत्येकापुढे एक मंडल काढतात आणि ज्याच्या-त्याच्या देहाची पूजा होते. म्ह पूजा! देवाची नाही, आपल्याच शरीराची. मला विचाराल तर इतका शहाणा सण दुसरा नाही. अधिक महिना तेही घालतात, म्हणून त्यांचं नवं वर्षही दरसाल शरदातच येतं.

उगादीच्या दुसऱ्या दिवशी इथे चंद्र बघायची रीत आहे, ती चुकवू नका. सूर्य पुरता मावळू द्या, मग गच्चीवरून पश्चिमेला क्षितिजालगत शोधा. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा मावळतो. त्या दिवशी नाही सापडला, तर पुढच्या संध्याकाळी पुन्हा बघा.