रेशीम अळीच्या घरातील ओलावा कसा राखावा?



तुतीचा पाला चांगला, अंडीपुंज चांगले, तरीही कोष पातळ का येतात? पुष्कळदा दोष संगोपनगृहातील हवेचा असतो. १०० अंडीपुंजांतून ४० हजारांवर अळ्या निघतात. हवा बिघडली, तर महिन्याभराची मेहनत आठवड्यात वाया जाते.

अळी पाणी पीत नाही. तिला लागणारे सगळे पाणी पाल्यातूनच मिळते. पहिल्या दोन अवस्थांतील, म्हणजे चॉकीच्या अळीचे तोंड नाजूक असते. सुकलेला पाला तिला कुरतडता येत नाही. म्हणून चॉकीला २६ ते २८ अंश सेल्सिअस उष्णता आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता हवी. मोठ्या अळीचे उलट आहे. ती भरपूर खाते, अंगातले जास्तीचे पाणी तिला बाहेर टाकावे लागते. पाचव्या अवस्थेत २४-२५ अंश उष्णता व ७० टक्के आर्द्रता पुरे. त्याहून दमट हवेत अंथरूण ओले राहते, बुरशी धरते, अळ्या मरून खडूसारख्या पांढऱ्या व कडक होतात. हाच मस्कार्डिन रोग.

मग आर्द्रता मोजायची कशी? हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले आणि १९३२ साली इथेच कृषी हवामानाचा विभाग सुरू झाला. वेधशाळेत आर्द्रता मोजण्याची जी जुनी रीत आहे, तीच आपल्यालाही जमेल. दोन तापमापक शेजारी टांगा. एकाच्या फुग्याला मलमलीची पट्टी गुंडाळून तिचे टोक स्वच्छ पाण्यात सोडा. घरात २५ अंशांच्या आसपास उष्णता असताना दोन्हींतला फरक असा वाचावा :

फरक २ अंश : सुमारे ८५ टक्के. चॉकीला योग्य.
फरक ४ अंश : सुमारे ७० टक्के. मोठ्या अळीला योग्य.
फरक ६ अंश : ५५ टक्क्यांच्या आसपास. हवा फार कोरडी.

पुण्याकडे एप्रिलच्या दुपारी हवा अगदी कोरडी पडते. तेव्हा खिडक्यांना ओली पोती लावा, जमिनीवर पाणी शिंपडा, छपरावर पाचट पसरा. चॉकीच्या ट्रेत खाली-वर मेणकागद घाला आणि कडेने ओल्या फोमच्या पट्ट्या ठेवा. पाला घालण्याआधी अर्धा तास वरचा कागद काढा, म्हणजे हवा खेळेल.

जुलै-ऑगस्टात मात्र पाणी शिंपडू नका. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा, पावसाने भिजलेला पाला निथळून सुकल्याशिवाय घालू नका. अंथरूण वेळच्या वेळी बदला.

अळी कात टाकायला बसली, की कोणताही हंगाम असो, मेणकागद व पट्ट्या काढा, पाला बंद करा आणि अंथरुणावर चुन्याची भुकटी पातळ धुरळा. बहुतेक अळ्या कातीतून बाहेर आल्यावरच पुन्हा पाला द्या. घाई केली तर अळ्या लहान-मोठ्या होतात. चॉकी केंद्रातून अळ्या आणणाऱ्यांनी त्या कितव्या कातीला आहेत, हे आणतानाच विचारून घ्यावे.

कोष विणताना चंद्रिकेवरील अळ्या बरेच पाणी टाकतात. खाली जुने कागद पसरा, वारा खेळता ठेवा. सकाळ, दुपार, संध्याकाळ दोन्ही तापमापकांचे आकडे वहीत लिहा. पुढच्या पिकाला तीच वही कामी येईल.