उन्हाळ्याची साडी आणि कमरेवरची नाडी

वैशाखात वर्सोव्याच्या किनाऱ्यावर पारा पस्तिशीच्या आसपास असतो, आणि विदर्भातून पाहुणे आले की ते आपल्याला हसतात. त्यांनी हसावे, परंतु दुपारी दोन वाजता त्यांचीही तक्रार सुरू होते. कारण समुद्रालगतच्या हवेत बाष्प इतके असते की घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याखेरीज शरीर थंड होत नाही. हवामान खातेही उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करते, किनारपट्टीवर मात्र ३७ पासूनच. त्यात वाढत्या वयाबरोबर घाम कमी येतो आणि तहानेची जाणीवही मंदावते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मूत्राशयाच्या काही गोळ्या, सर्दी-ॲलर्जीची काही औषधे यांनी भर पडते. (ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत; उन्हाळ्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एकदा दाखवावीत.) म्हणून अंगावर काय आहे हा प्रश्न साठीनंतर केवळ हौसेचा राहत नाही.

आमच्या भागात चित्रपट आणि मालिकांतील मंडळी मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे वेशभूषेची नवी लाट येथे लवकर पोहोचते. अलीकडच्या लाटांपैकी एक मला मनापासून आवडली : मलमल, कोटा, मंगळगिरी अशा हलक्या सुती साड्यांना पुन्हा आलेली प्रतिष्ठा. विद्या बालन यांच्यासारख्या अभिनेत्रींनी हातमागाची साडी समारंभांत मिरवली याचा तिच्यात मोठा वाटा आहे. आजीच्या कपाटातील मऊ झालेली सुती साडी आता नातीला हवी असते. फक्त तिला कडक खळ घालू नका. खळीने कापडाची छिद्रे बुजतात आणि मलमलही कागदासारखे होऊन बसते. पॉलिस्टर जॉर्जेट धुण्या-वाळवण्यास सोपे असते हे खरे, पण ते घाम शोषत नाही, आणि शेगडीजवळ पेटले तर वितळून त्वचेला चिकटते. वयस्क स्त्रीने ते नेसून स्वयंपाकघरात उभे राहू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी लाट मात्र मला काळजीत टाकते. तिचे मूळ जुने आहे. १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात मुमताज यांनी नेसलेली अंगाला घट्ट बसणारी नारिंगी साडी आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. ती घडवली होती कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी, ज्यांना पुढे ‘गांधी’साठी ऑस्कर मिळाले. ती साडी आधीच शिवलेली होती. नर्तिकेला नाचता यावे एवढ्यापुरती तिची योजना होती. आज त्याच धर्तीवर साडीखाली घालायचे ताणदार, मासोळीच्या आकाराचे परकर सर्रास मिळतात, आणि लग्नसराईत साठीच्या मावश्याही ते पाच-सहा तास घालून बसतात. पोट आवळल्याने आंबट ढेकर वाढतात, जांघेत घाम कोंडतो आणि प्रसाधनगृहात तो उतरवणे कठीण म्हणून पाणी पिणेच टाळले जाते. मे महिन्यात ही शेवटची गोष्ट सर्वांत घातक आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या नाडीकडे वळतो. २०२४ साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी दोन स्त्रियांच्या कहाण्या नोंदवल्या. पहिली सत्तर वर्षांची. आधी नऊवारी कमरेला आवळून नेसणारी, सहा वर्षांपूर्वी परकराकडे वळलेली. तोही तितकाच घट्ट. कमरेच्या उजव्या बाजूची कातडी पांढुरकी पडली, मग तेथे जखम झाली आणि ती अठरा महिने भरली नाही. दुसरी साठीच्या उत्तरार्धातील; चाळीस वर्षे रोज लुगडे आवळून नेसलेली, परकराविना. तिची जखम दोन वर्षांची होती. तपासणीत दोघींनाही त्वचेचा कर्करोग निघाला, आणि दुसरीच्या जांघेतील एका गाठीपर्यंत तो पोहोचला होता.

मुंबईला हे अगदी नवे नाही. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्येच धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या अशा कर्करोगाचे वर्णन केले होते. हा आजार फार विरळ आहे, घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या आधीची पायरी, म्हणजे कमरेवरचा काळपट, खरखरीत, खाजणारा पट्टा, तुमच्या घरात नक्की कोणाच्या तरी कमरेवर आहे. एकाच रेषेवर वर्षानुवर्षे दाब, घर्षण आणि घाम. कातडी सोलवटते, भरते, पुन्हा सोलवटते. आमच्या कोळीवाड्यातील ज्येष्ठ भगिनी कासोट्याचे लुगडे कमरेला गच्च खोचून पहाटेपासून मासळी, बर्फ आणि खाऱ्या पाण्यात काम करत आल्या आहेत. त्यांना ‘नेसणे सोडा’ असे सांगणे मला उद्धटपणाचे वाटते. त्या वेषात त्यांचे अवघे आयुष्य आहे.

बदल करायचा तो छोटाच. शिंप्याकडून परकराला नाडीऐवजी दोन-अडीच इंच रुंदीचा सुती पट्टा लावून घ्या, बंद बाजूला हूकांच्या दोन रांगा. रोज एकाच रेषेवर न बांधता कधी बोटभर वर, कधी खाली बांधावा. घरी आल्यावर सैल करावा, रात्री कमरेवर काहीच आवळलेले नसावे. आंघोळीनंतर तो भाग टिपून कोरडा करावा. ज्येष्ठांना आंघोळ घालणाऱ्यांनी पंधरवड्यातून एकदा कमरेची पूर्ण वळी उजेडात पाहावी. वाकून स्वतःची कूस पाहणे त्यांना जमत नाही. पांढरा डाग, कडा जाड झालेला व्रण, रक्त येणारी चीर, किंवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर मलमे बदलत बसू नका. तुकडा काढून तपासणे हाच मार्ग. स्तनांखाली आणि जांघेत होणाऱ्या बुरशीच्या खाजेसाठीही दुकानातून मिळणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे लावू नका. चार दिवस बरे वाटते आणि नंतर बुरशी दुप्पट पसरते. मधुमेह असेल तर साखरही तपासून घ्या.

काही सुना मला विचारतात, ‘डॉक्टर, आईंना सरळ गाऊनच का घालू नये?’ घालावा, त्यांना चालत असेल तर. पण साठ वर्षे साडीत वावरलेल्या स्त्रीला पाहुण्यांसमोर गाऊनमध्ये बसवले की ती खोलीबाहेर येणेच सोडते, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. विसरण्याचा आजार जडलेल्या स्त्रिया तर गाऊन ओढून काढू पाहतात आणि घरचे त्याला हट्ट समजतात. अशा वेळी जुनी मऊ साडी पाचवारीची चारवारी करून, निऱ्या शिवून, कमरेला सैल इलॅस्टिक लावून द्यावी. नेसवायला दोन मिनिटे लागतात आणि पदर त्यांच्या खांद्यावर राहतो.

निऱ्यांची किनार घोट्याच्या वर असू द्या. वर्सोवा मेट्रोला जाताना सरकत्या जिन्याऐवजी लिफ्ट घ्या, आणि दुचाकीवर मागे बसायचेच झाले तर पदर कमरेला खोचून, निऱ्या दोन्ही गुडघ्यांत धरून बसा.