तिखटाची चक्की, रात्रीचे अकरा आणि आपली झोप

विहारात दर दुसऱ्या रविवारी आम्ही बीपी आणि शुगर तपासतो. फेब्रुवारीतल्या तपासणीला एक आजी आल्या, खुर्चीवर बसल्या आणि हात पुढे करत म्हणाल्या, "बाई, गोळी रोज घेते, पण झोपच नाही लागून राहिली." बीपी १६८/१०० निघाले. आम्ही पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजले, तरी फारसा फरक पडला नाही. त्यांच्या मागे रांगेत उभी असलेली बाई लगेच म्हणाली, "आमच्याकडेही तेच. चक्की." मग तिसरी बोलली, चौथी बोलली. त्या दिवशी तपासणी बाजूला राहिली आणि चक्कीवरच तास गेला.

ही चक्की म्हणजे आमच्या उत्तर नागपुरातल्या वस्तीच्या मागच्या गल्लीतले मिरची कांडप केंद्र. आधी ते सकाळी नऊला सुरू होऊन रात्री आठला बंद व्हायचे. जानेवारी संपता संपता ते रात्री बारापर्यंत, कधी साडेबारापर्यंत चालू लागले. लोखंडी मुसळे खाली आदळतात तेव्हा शेजारच्या घरातली मांडणीवरची भांडी वाजतात. आमच्याकडची घरे भिंतीला भिंत लागून. वर टिनाचे छप्पर. आवाज कानाने ऐकू येतोच, शिवाय जमिनीतून, पलंगाच्या पायातून अंगात येतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. चक्कीचा मालक परका नाही. आपल्याच वस्तीतला, बारावीनंतर दुसऱ्याच्या दुकानात पोती उचललेला मुलगा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाच्या सरकारी योजनेतून कर्ज काढून त्याने हे उभे केले. उद्घाटनाला टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो. वस्तीतल्या पंधरा-सोळा बाया त्याच्याकडे मिरचीची देठे तोडायला बसतात. म्हणून तक्रार लिहायला बसलो तेव्हा हात आखडला. आपला माणूस धंद्यात उतरतो आणि आपणच त्याच्या नावाने पोलीस ठाण्यात जायचे, हे कोणालाच बरे वाटत नव्हते.

पण आरोग्याचे काम करणाऱ्याला नाते बघून दुखणे लपवता येत नाही.

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून अनेक वर्षे वॉर्डात रात्रपाळ्या केल्या. झोप मोडलेले शरीर कसे वागते ते रुग्णांत पाहिले आणि स्वतःच्या अंगावरही. निरोगी माणसाचे बीपी रात्री झोपेत साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरते. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मिळणारी ती रोजची विश्रांती. आवाजाने ती मोडते. आणि त्यासाठी माणूस जागा व्हावाच लागतो असे नाही. झोपलेल्या माणसाचेही कान उघडे असतात. आवाज झाला की नाडी वाढते, बीपी चढते, झोप खोलवरून वर येते, आणि सकाळी तो म्हणतो, "झोपलो तर होतो, पण अंग दुखते." वर्षानुवर्षे रात्रीच्या गोंगाटात राहणाऱ्यांत उच्च रक्तदाब आणि हृदयविकार जास्त आढळतात, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. अर्थात एका रीडिंगवरून आजींचे बीपी चक्कीनेच वाढले असे आम्ही म्हणणार नाही. मीठ, वय, चुकलेली गोळी, घरातली चिंता, कारणे पुष्कळ असतात. पण न उतरणाऱ्या बीपीच्या रुग्णाला डॉक्टरने "झोप कशी आहे?" हे विचारलेच पाहिजे, आणि आपण न विचारताही सांगितले पाहिजे.

मुलांचे वेगळे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते, त्यापुढच्या मुलामुलींना आठ ते दहा तास. दहावी-बारावीच्या परीक्षा नेमक्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि मिरचीचा हंगामही तेव्हाच. दिवसभर वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेत. रात्री साडेबारापर्यंत मुसळ आणि सकाळी पेपर, अशी मुले आमच्या अभ्यासिकेत येऊन टेबलावर डोके ठेवून झोपत होती. महापालिकेच्या झाडूकामाला पहाटे पाचला निघणाऱ्या बायांची तर झोप चार तासांवर आली होती.

आवाजाशिवाय दुसरी गोष्ट तिखटाची. मिरचीतला कॅप्सेसिन नावाचा घटक शरीरातल्या त्याच मज्जातंतूंना चेतवतो, जे खरी उष्णता ओळखतात. म्हणून तिखट लागले की भाजल्यासारखे वाटते. हवेत उडालेली बारीक पूड नाका-घशात गेली की खोकला, शिंका, डोळ्यांतून पाणी. दम्याच्या माणसाला त्यातून अटॅक येऊ शकतो. नागपूरकरांना हे सांगायला नको की आपला कूलर बाहेरची हवा ओढून घरात सोडतो. फेब्रुवारीत खिडकी लावून चालले. एप्रिलमध्ये कूलर लागले की चक्कीची हवा थेट बाळाच्या अंगावर. एका सूनबाईने कूलरची ताटी काढून दाखवली, ती लालसर झाली होती.

आम्ही चौघीजणी चक्कीवर गेलो. मालकाने गल्ल्याखालून वर्तमानपत्राचे कात्रण काढले. ऑक्टोबर २०२५ मधली बातमी : राज्यातली दुकाने चोवीस तास उघडी ठेवता येणार. "शासनानेच परवानगी देल्ली ना ताई. मी का चोरी करून राहिलो काय?"

बातमी खरी आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमातच ही मोकळीक आहे, आणि दारू देणारी ठिकाणे, हुक्का पार्लर वगैरे सोडून बाकीच्यांना ती लागू असल्याचे शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. पण ही परवानगी शटर उघडे ठेवण्याची आहे. आवाजाचा कायदा वेगळा. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. व्यापारी भागात ६५ आणि ५५. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तर नागरिक तक्रार करू शकतो आणि पोलिसांना त्याची दखल घ्यावी लागते. म्हणजे किराणा दुकानदाराने रात्री दोनला साखर तोलली तर कोणाची हरकत नाही. मुसळ चालवायचे तर हा नियम आडवा येतो.

आम्ही सात रात्री मोबाईलच्या अ‍ॅपवर आवाज मोजला. चक्कीच्या शेजारच्या घरात, दार लावून, रात्री अकरानंतर आकडा ६२ ते ६६. चक्की बंद झाल्यावर तोच ४० च्या आसपास. मोबाईल हे काही शासकीय यंत्र नव्हे, त्याच्यावर खटला उभा राहत नाही. पण तारीख, वेळ, आकडा आणि मोजणारीची सही असलेली वही समोर ठेवली की बोलणे "तुम्हाला उगीच वाटते" इथे संपत नाही. ज्यांच्या वस्तीत असा त्रास आहे त्यांनी आधी वही करावी, मगच अर्ज लिहावा. अर्जाची एक प्रत पोलीस ठाण्यात, एक महापालिकेच्या झोन कार्यालयात, आणि दोन्हीकडून पोच घ्यावी. रात्री लगेच मदत हवी असेल तर ११२.

आम्ही मात्र अर्ज पिशवीत ठेवला आणि आधी बैठक बोलावली. विहारात, वंदनेनंतर, मालकासह. चाळीसेक माणसे आली.

बैठक सरळ झाली नाही. पहिल्यांदा मालक बोलला. कर्जाचा हप्ता, जेवणावळीवाल्यांच्या ऑर्डरी. लोक वर्षभराचे तिखट या तीन-चार महिन्यांतच करतात, बाकी वर्ष मशीन बसून असते. यात खोटे काही नव्हते. मग त्याने उभे राहून विचारले, "आणि चौदा एप्रिलच्या डीजेचे काय? तेरा तारखेच्या रात्री तुम्ही झोपता काय? तेव्हा आजीचे बीपी कोण मोजते?"

सभागृह गप्प झाले. दोन पोरे चिडून उठली, त्यांना आम्ही बसवले. कारण प्रश्न बरोबर होता. शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ध्वनिक्षेपकाला रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते, पण त्या दिवशीही आवाजाला मर्यादा असतेच आणि १२ नंतर सवलत नाही. आमच्या वस्तीतली मिरवणूक बाराला थांबत नाही हे आम्हाला माहीत आहे, आणि आजवर आम्ही त्यावर एक ओळही लिहिली नव्हती. कोणी म्हणाले, "ते वर्षातून एकदा, हे रोजचे." तेही खरे. तरी शेवटी जयंती समितीच्या मुलांनी सर्वांसमोर कबूल केले की यंदा भिंती हादरवणारे बेस लावायचे नाहीत, आणि बाराला बंद. मालकाने ते कागदावर लिहून घ्यायला लावले. आम्हाला त्याचा राग आला नाही.

त्यानंतर खरे बोलणे झाले. देठे तोडणाऱ्या बाया तोवर मागे बसून होत्या. त्या सकाळी नऊला येतात आणि हंगामात रात्री चक्की बंद होईपर्यंत थांबतात, किलोवर पैसे. २०१७ च्या मूळ दुकाने अधिनियमात कामगाराला दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास, आठवड्यातून सलग २४ तास सुटी, जादा कामाला दुप्पट मजुरी आणि रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचे तर तिची संमती आणि सुरक्षेची सोय, असे सगळे आहे. मात्र दहापेक्षा कमी कामगार असतील तर यातले बरेचसे लागूच होत नव्हते, आणि ही संख्या वीसवर नेण्याचा व रोजचे तास नऊचे दहा करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. पंधरा-सोळा बायांची चक्की त्यात कुठे पडते, ते वाचकांनीच बघावे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणण्याचे काम झाले, त्याला १९४६ पासून आता ऐंशी वर्षे होतात. आपल्याच वस्तीत, आपल्याच माणसाकडे बाई पंधरा तास मिरचीत बसते, हे आम्हाला आवाजापेक्षा जास्त लागले.

त्यांचे हात आम्ही पाहिले. बोटे सुजलेली, नखांच्या कडा लाल. थोडे इथेच सांगून ठेवतो, कारण हे घरोघरी उपयोगी पडेल. कॅप्सेसिन नुसत्या पाण्याने जात नाही, ते तेलात विरघळते. आधी हाताला खाण्याचे तेल चोळा, पुसून काढा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेले तर चोळू नका, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, जळजळ किंवा धूसरपणा राहिला तर दवाखाना. तान्हे बाळ अंगावर पिणाऱ्या आईने हात धुऊन लुगडे बदलल्याशिवाय बाळाला घेऊ नये. दम्याच्या बाईने हे काम करूच नये. कामावर रबरी हातमोजे आणि चांगला मास्क हवा. पदर नाकाला लावल्याने बारीक पूड अडत नाही.

ठरले ते असे. मुसळ रात्री साडेनऊला बंद. वजन, पॅकिंग, हिशेब हवे तर अकरापर्यंत, पण मशीन नाही. यंत्राखाली जाड रबरी पट्टे. धूळ ओढणाऱ्या नळीचे तोंड घरांकडून काढून सडकेकडे, त्यावर कापडी पिशवी. हातमोजे आणि मास्क मालकाने द्यायचे. रबरी पट्टे आठ दिवसांत बसले आणि भांडी वाजायची थांबली. पिशवीला महिना लागला. मार्चमध्ये दोन रात्री मशीन अकरापर्यंत चालले. आम्ही वही घेऊन गेलो, तर त्याने स्वतःच बंद केले. अर्ज अजून पिशवीतच आहे, फाडलेला नाही.

आजींचे बीपी एप्रिलमध्ये १४६/९० आले. मध्ये डॉक्टरांनी गोळीही बदलली होती, त्यामुळे श्रेय कोणाला ते आम्ही लिहिले नाही, फक्त आकडा लिहिला.

देठे तोडणाऱ्या एका मावशीने मात्र परवा वाटेत थांबवले. "ताई, झोप तर झाली. पण रात्रीच्या दहा-बारा किलोचे पैसे गेले, त्याचे काय?" मालक मिरची घरी न्यायला द्यायला तयार आहे. आम्ही नको म्हटले, कारण एका खोलीच्या घरात ती पूड मुलांच्या अंथरुणात जाईल. सकाळी सहापासून काम सुरू करायचे आणि किलोचा दर वाढवायचा, असे दोन प्रस्ताव घेऊन पुढच्या रविवारी तपासणीनंतर आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत. मावशींना सोबत यायला सांगितले आहे. त्या म्हणाल्या, "येतो. पण दराचे मीच बोलीन."