खांद्याचे दुखणे : हाड शाबूत, पण कंडरा तुटलेली

पन्नाशी ओलांडलेली एखादी व्यक्ती शेताच्या बांधावरून किंवा घराच्या पायरीवरून घसरते आणि हात टेकून स्वतःला सावरते. खांदा दुखू लागतो. क्ष-किरण छायाचित्र काढले जाते व हाड मोडलेले नाही असे कळताच घरची मंडळी निश्चिंत होतात. मुका मार आहे, शेकल्याने बरे वाटेल, अशी समजूत करून घेतली जाते. महिना जातो, दोन महिने जातात, तरी हात डोक्यापर्यंत पोहोचत नाही. अशा अनेक रुग्णांच्या बाबतीत हाड शाबूत असले, तरी खांद्यातील कंडरा तुटलेली असते. क्ष-किरण छायाचित्रात हाडे स्पष्ट दिसतात; कंडरा दिसत नाही. ही एक साधी गोष्ट गावोगावी माहीत झाली, तर अनेकांचा कामाचा हात वाचू शकेल.

खांद्याची रचना

खांदा हा उखळीचा सांधा होय. खुब्याचा सांधाही त्याच जातीचा. परंतु खुब्याची उखळ खोल असते, तर खांद्याची उखळ बशीसारखी उथळ असते. त्यामुळेच हात सर्व दिशांनी फिरतो. या मोकळीकीची किंमत म्हणून सांध्याचे स्थैर्य मात्र स्नायूंवर अवलंबून राहते. पाठीवरील त्रिकोणी पसरट हाडापासून चार स्नायू निघतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट, दोरीसारख्या भागास कंडरा म्हणतात. या चार स्नायूंच्या कंडरा दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याला सदऱ्याच्या बाहीच्या पट्टीप्रमाणे वेढून बसतात. म्हणून वैद्यकशास्त्रात त्यांना एकत्रितपणे ‘रोटेटर कफ’ असे नाव आहे. हात उचलताना हाडाचे डोके उखळीच्या मध्यभागी धरून ठेवणे आणि हात आत-बाहेर फिरविणे, ही त्यांची कामे होत. चौघांपैकी वरच्या बाजूची ‘सुप्रास्पायनेटस’ ही कंडरा सर्वाधिक वेळा बिघडते.

बिघाड का होतो?

वयोमानानुसार कंडरेची झीज होते. साठीनंतर अनेकांच्या कंडरेत लहानमोठी तूट आढळते. मात्र त्यांपैकी पुष्कळांना काहीही त्रास नसतो. खांद्याच्या वर हात नेऊन वारंवार करावयाची कामे, जड ओझी व धूम्रपान यांमुळे या झिजेत भर पडते. आपल्या जिल्ह्यात अशा कामांची वाण नाही. चाऱ्याचा भारा किंवा कापसाचे गाठोडे डोक्यावर चढविणारे शेतकरी व शेतमजूर, भिंती रंगविणारे व गिलावा करणारे कारागीर, वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील कारखान्यांत हात वर करून जोडणीचे काम करणारे कामगार, तसेच वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिणारे शिक्षक यांचा त्यात समावेश होतो. पडणे, हाताला जोराचा हिसका बसणे किंवा खांदा निखळणे यांमुळे कंडरा एकाएकी तुटू शकते. चाळिशीनंतर खांदा निखळला असेल, तर तो बसविल्यावर कंडरेची तपासणी अवश्य झाली पाहिजे.

निदान कसे करतात?

कंडरेचे दुखणे बहुधा दंडाच्या वरच्या, बाहेरच्या भागात जाणवते. त्या कुशीवर झोपता येत नाही. केस विंचरणे, फळीवरील डबा काढणे, सदरा अंगात घालणे कठीण होते. निदानाचा पाया म्हणजे डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी. रुग्ण स्वतः हात किती उचलतो आणि डॉक्टरांनी तोच हात उचलला असता तो किती वर जातो, यांची तुलना केली जाते. बाजूने हात उचलताना साधारण 60 ते 120 अंशांच्या टप्प्यात वेदना होत असल्यास कंडरा दुखावली असण्याचा संभव असतो. रुग्णाला स्वतः हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलल्यास तो वर जातो, अशा वेळी कंडरा तुटल्याचा संशय घ्यावा. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही प्रयत्नाने हात वर जात नसेल, तर बहुधा सांधा आखडलेला असतो. हा आखडलेला खांदा मधुमेहींमध्ये अधिक आढळतो व त्याचे उपचार वेगळे असतात. अपघातानंतर हाड मोडले नसल्याची खात्री होईपर्यंत मात्र हात ओढून पाहू नये किंवा चोळू नये.

क्ष-किरण छायाचित्राने अस्थिभंग, सांध्याची झीज किंवा कंडरेतील चुन्याचा साठा समजतो. कंडरा पाहण्यासाठी सोनोग्राफी अथवा एम. आर. आय. करावी लागते. कुशल तज्ज्ञाने केलेली सोनोग्राफी पूर्ण तूट ओळखण्यास पुष्कळदा पुरेशी ठरते. तुटलेला स्नायू किती आखडला आहे आणि त्याच्या जागी चरबी किती साठली आहे, हे एम. आर. आय.मध्ये चांगले दिसते. प्रत्येक दुखऱ्या खांद्यासाठी हा खर्च करण्याची गरज नसते.

खांद्यात जाणवणारे प्रत्येक दुखणे खांद्याचेच असते असेही नाही. श्रम करताना डाव्या खांद्यात कळ येऊन घाम वा धाप लागली, तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते. तत्काळ रुग्णालय गाठावे. हाताला मुंग्या येत असल्यास मानेची तपासणी करावी. ताप येऊन सांधा सुजल्यास विलंब करू नये.

उपचार

झिजेमुळे उद्भवलेल्या बहुतेक दुखण्यांत शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. हात वर नेऊन करावयाची कामे काही काळ कमी करावीत. परंतु हात झोळीत बांधून ठेवू नये, कारण त्याने सांधा आखडतो. वेदनाशामक औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटात व्रण असलेल्यांनी याबाबत विशेष दक्ष राहावे. मुख्य उपचार म्हणजे व्यायाम. प्रथम हात लोंबकळत सोडून हलके झोके देणे, भिंतीवर बोटे चालवीत हात वर नेणे आणि पुढे रबराची पट्टी ओढून स्नायू बळकट करणे, असा क्रम असतो. जुन्या सायकल-ट्यूबची पट्टीही या कामी चालते. हे व्यायाम भौतिकोपचार तज्ज्ञाकडून शिकून सुमारे 12 आठवडे नेमाने करावेत. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अपघाताविना कंडरा पूर्ण तुटलेल्या सुमारे साडेचारशे रुग्णांना व्यायामोपचार देण्यात आले. दोन वर्षांत त्यांच्यापैकी एक-चतुर्थांशाहून कमी रुग्णांनी शस्त्रक्रिया करून घेतली.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो; पण ते वारंवार घेतल्यास कंडरा दुर्बल होण्याचा धोका असतो. मधुमेहींची रक्तशर्कराही त्यामुळे काही दिवस वाढते.

शस्त्रक्रियेबाबतचे विचारही कालौघात बदलले आहेत. खांद्याच्या टोकाचे हाड कंडरेला घासते, असा विचार डॉ. चार्ल्स नीअर यांनी 1972 साली मांडला आणि ते हाड तासण्याची शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. ब्रिटनमधील एका चाचणीत मात्र हाड तासलेले रुग्ण आणि केवळ दुर्बिणीने सांधा पाहिलेले रुग्ण यांच्यात महत्त्वाचा फरक आढळला नाही. हे निष्कर्ष 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

अपघाताने एकाएकी तुटलेल्या कंडरेची गोष्ट निराळी आहे. तुटलेला स्नायू मागे सरकतो, काही महिन्यांत आक्रसतो आणि त्याच्या जागी साठलेली चरबी पुढे हटत नाही. मग कंडरा हाडापर्यंत ओढून शिवणेही अशक्य होते. म्हणून पडल्यानंतर हात उचलता येत नसेल, तर दोन आठवड्यांच्या आत अस्थिरोग तज्ज्ञाची तपासणी व्हावी. दुर्बिणीद्वारे कंडरा हाडाला शिवल्यावर हात सुमारे चार ते सहा आठवडे झोळीत ठेवावा लागतो. जड काम करण्यास सहा महिने किंवा अधिक काळ लागतो. घरच्या मंडळींनी व कामावरील वरिष्ठांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

सोयी व आपली जबाबदारी

‘घाटी’ या नावाने परिचित असलेले छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय 1956 साली स्थापन झाले. मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांतूनही तेथे रुग्ण येतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून निःशुल्क करण्यात आले आहेत. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते किंवा कसे, याची चौकशी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे करावी.

शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्याकडे ग्रामस्थ विश्वासाने सल्ला विचारतात. पडलेल्या माणसाचे हाड मोडले नाही असे कळल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा : हात स्वतःहून वर जातो काय? उत्तर नकारार्थी असल्यास मालीश व शेक यांत दिवस न दवडता रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवावे. शेतमजुराच्या वा कारागिराच्या कुटुंबाचा चरितार्थ त्याच्या हातावर चालतो. तो हात वाचविण्याची संधी पहिल्या काही आठवड्यांतच सर्वाधिक असते.